घरांतील बिनतारी राउटर कसा निवडावा

गेल्या दोन वर्षांत आमच्या सभासद बंधूंपैकीं अनेकांनीं आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारला आहे. कोणी लिहितात, “गांवांत फायबरची तार आली, आतां घरांत कोणतें यंत्र बसवावें?” कोणी विचारतात, “मुलगा मुंबईस बिऱ्हाड करून आहे. त्याच्या खोलींत इंटरनेट नीट चालत नाहीं. किती किंमतीचा राउटर घेऊन द्यावा?” खतें, बियाणें व अवजारें यांची चर्चा करणाऱ्या ह्या मासिकांत हा विषय कांहीं वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु २०१८ सालापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. बाजारभाव, पावसाचा अंदाज, योजनांचे अर्ज आणि मुलांचा अभ्यास हींहि आतां ह्याच वाटेनें घरांत येतात. ज्या उताऱ्यासाठीं शेतकऱ्यानें चावडीवर चार-चार खेटे घातलेले आम्हीं महसूल खात्याच्या नोकरींत डोळ्यांनीं पाहिले, तो उतारा आतां ज्या यंत्रांतून येतो, तें यंत्र पारखून घ्यावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

लेखाचें सार आरंभींच सांगून टाकतों. पंप घेतांना जाणता शेतकरी आधीं विहिरीची आवक पाहतो, पाणी किती उंच व किती दूर न्यावयाचें तें मोजतो, आणि मग अश्वशक्ति ठरवितो. राउटर घेतांना मात्र तोच शेतकरी दुकानांत जाऊन पेटीवरील मोठा आंकडा आणि यंत्रावरील शिंगांची संख्या पाहून पैसे मोजतो. हा क्रम उलटा आहे. आधीं घर मोजावें, येणारी तार मोजावी, आणि शेवटीं यंत्र निवडावें. असें केल्यास पुष्कळांस असें आढळून येईल कीं, नवें यंत्र घेण्याची गरजच नव्हती.

राउटर म्हणजे पाटकरी

बाहेरून तारेनें जें इंटरनेट येतें तें कालव्याचें पाणी समजावें. फायबरची तार जेथें घरांत शिरते तेथें कंपनीचा माणूस एक लहान पेटी बसवितो. कांचेच्या तंतूंतून आलेल्या प्रकाशाचे विजेचे संदेश करणें हें तिचें काम. तिला ओ.एन.टी. असें म्हणतात. राउटर हा तिच्या पुढचा पाटकरी होय. घरांतील संगणक, फोन, दूरचित्रवाणी, गोठ्यावरचा कॅमेरा ह्या प्रत्येकाची पाळी लावणें, कोणाचें पाणी कोणाच्या वाफ्यांत जावयाचें हें ध्यानांत ठेवणें, आणि तें बिनतारी लहरींच्या द्वारां त्या त्या ठिकाणीं पोंचविणें, हें त्याचें काम. पाटकरी हुशार असेल तर पाणी वायां जात नाहीं. परंतु पाटकरी पाणी उत्पन्न करीत नाहीं, ही गोष्ट विसरूं नये.

आजकाल बहुतेक फायबर कंपन्या जी पेटी देतात तींतच ओ.एन.टी. आणि राउटर हीं दोन्ही एकत्र असतात. म्हणून पहिला प्रश्न असा कीं, कंपनीनें दिलेल्या पेटींत बिनतारी सोय आहे किंवा नाहीं? असल्यास ती कोणत्या पट्ट्यांची आहे? हें न विचारतां दुसरें यंत्र घेणें म्हणजे चालू मोट असतांना दुसरी मोट विकत घेण्यासारखें आहे.

आधीं विहिरीचें पाणी मोजावें

घरांत वेग मिळत नसेल तर पहिली परीक्षा अशी करावी. संगणक कंपनीच्या पेटीस तारेनें जोडावा, घरांतील इतर सर्व यंत्रें बंद ठेवावींत, आणि वेग मोजावा. सकाळीं एकदां, रात्रीं नऊच्या सुमारास एकदां, असें तीन-चार दिवस करून आंकडे वहींत लिहून ठेवावेत. तारेनेंच जर ठरलेला वेग येत नसेल तर दोष कंपनीच्या बाजूस आहे, आणि तक्रार तिकडे करावी. तेथें राउटर बदलून कांहींहि साधणार नाहीं. तारेनें पूर्ण वेग येतो पण आंतल्या खोलींत येत नाहीं, असें ठरल्यावरच राउटरचा विचार करावा. लिहून ठेवलेले आंकडे तक्रारींतहि उपयोगी पडतात. तोंडी गाऱ्हाण्यापेक्षां लेखी नोंदीला कचेरींत नेहमींच अधिक वजन असतें.

मापांच्या बाबतींत एक खुलासा आवश्यक आहे. कंपनी वेग मेगाबिट ह्या मापानें सांगते. संगणकावर फाइल उतरवितांना दिसणारा आंकडा बहुधा मेगाबाइटचा असतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे १०० मेगाबिटची जोडणी संगणकावर सेकंदास साडेबारा मेगाबाइटांहून अधिक दाखवूं शकत नाहीं. एकरांत सांगितलेली जमीन हेक्टरांत मोजून “कमी भरली” म्हणून भांडण करणारे खातेदार आम्हीं पाहिले आहेत. येथेंहि तोच प्रकार होतो.

गरज किती, हेंहि पहावें. स्पष्ट चित्राचा एक चलत्‌पट पाहण्यास सुमारें ५ मेगाबिट पुरतात. अतिस्पष्ट चित्रास, ज्याला फोर-के म्हणतात, १५ ते २५ लागतात. सातबारा काढणें व अर्ज भरणें ह्यांस तर फारच थोडे पुरतात. तेथें वेगापेक्षां जोडणी न तुटणें महत्त्वाचें. चार-पांच माणसांच्या घरास ५० ते १०० मेगाबिटची जोडणी आमच्या मतें पुष्कळ होय.

पेटीवरील आंकडा

राउटरच्या पेटीवर ‘एसी १२००’ अथवा ‘एएक्स ३०००’ असें ठळक छापलेलें असतें. ग्राहकास वाटतें, ह्यांतून १२०० मेगाबिट मिळणार. वस्तुतः हा आंकडा म्हणजे यंत्राच्या दोन पट्ट्यांची कागदावरची बेरीज असते. एसी १२०० ह्यांत एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ मिळवून, वर गोळाबेरीज केलेली असते. एक फोन एका वेळीं एकाच पट्ट्यावर असतो, आणि कागदावरचा वेग प्रत्यक्ष घरांत निम्माहि भरला तरी ठीक म्हणावें लागतें.

ह्याहून अधिक घातक गोष्ट पेटीच्या मागल्या बाजूस बारीक अक्षरांत असते. ती म्हणजे तार जोडण्याच्या छिद्राचा वेग. कांहीं स्वस्त यंत्रांवर १२०० हा आंकडा मिरवीत असतो, आणि तारेचें छिद्र मात्र १०० मेगाबिटचें असतें. अशा यंत्रास २०० मेगाबिटची जोडणी लावली तरी शंभराच्या आंतच वेग मिळणार. चार इंची नळास दोन इंची तोटी लावल्यावर दुसरें काय होणार? म्हणून शंभरांहून अधिक वेगाची जोडणी असल्यास ‘गिगाबिट’ छिद्रांचेंच यंत्र घ्यावें.

दोन पट्टे आणि वाकोल्याची दाटी

घरगुती राउटर मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतात, एक २.४ गिगाहर्ट्‌झचा व दुसरा ५ गिगाहर्ट्‌झचा. भारत सरकारनें २.४ चा पट्टा जानेवारी २००५ मध्यें परवान्याच्या अटींतून मुक्त केला, आणि ५ चे विस्तृत पट्टे ऑक्टोबर २०१८ मध्यें मोकळे केले. म्हणूनच आपणांस घरांत राउटर बसविण्यास परवाना काढावा लागत नाहीं. पहिल्या पट्ट्याच्या लहरींची लांबी सुमारें साडेबारा सेंटीमीटर, दुसऱ्याची साडेपांच सेंटीमीटरच्या आसपास. लांब लहर भिंतींतून त्यांतल्या त्यांत बरी जाते व दूर पोंचते, पण तिच्या पट्ट्यांत जागा थोडी. आखूड लहरीच्या पट्ट्यांत जागा पुष्कळ व वेग मोठा, परंतु भिंत आली कीं तिचा जोर लवकर ओसरतो.

हें आम्हांस पुस्तकांतून कळलें त्याहून अधिक वाकोल्याच्या आमच्या बिऱ्हाडांत कळलें. वाकोला हें सांताक्रूझच्या पूर्वेस आहे. एके काळचें साष्टींतील हें खेडें आज चाळी, झोपड्या व उंच इमारती ह्यांनीं इतकें गच्च भरलें आहे कीं, एका घरांतील फोडणीचा वास चार घरांत जातो. लहरींचेंहि तसेंच होतें. आमच्या फोनवर एके संध्याकाळीं शेजारच्या राउटरांचीं नांवें मोजलीं तीं एकतीस भरलीं. २.४ च्या पट्ट्यांत एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच पडतात, १, ६ व ११ ह्या क्रमांकांच्या. एकतीस राउटर आणि वाटा तीन! बाजाराच्या दिवशीं तीन बैलगाड्यांच्या रस्त्यावर एकतीस गाड्या आल्यास जें व्हावयाचें तेंच तेथें होत होतें. अशा दाट वस्तींत दोन्ही पट्ट्यांचा राउटर घ्यावा, आणि संगणक व दूरचित्रवाणी हीं ५ च्या पट्ट्यावर बसवावींत. खोल्या लहान असल्यामुळें त्या पट्ट्याचा आखूड पल्ला तेथें आड येत नाहीं. उलट शेजाऱ्याची लहर भिंतींत विरते, हा फायदाच होतो.

ह्या पट्ट्याची एक मौज शेतकरी वाचकांस सांगण्यासारखी आहे. ५ च्या पट्ट्यांतील कांहीं वाहिन्यांत रडार यंत्रेंहि चालतात. ह्या वाहिन्यांवर बसणारा राउटर आधीं कानोसा घेतो, आणि रडारची चाहूल लागल्यास ती वाहिनी सोडून दुसरीवर जातो. त्या वेळीं घरांतील जोडणी क्षणभर तुटते. जानेवारी २०२२ मध्यें भारतीय हवामान खात्यानें अंधेरी पूर्वेस वेरावली येथें जें डॉपलर रडार सुरू केलें तें सी पट्ट्यांत चालतें, आणि आपल्या राउटरचा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा त्याच सी पट्ट्यांत पडतो. ज्या रडारवरून आपण पावसाचे ढग पाहतों, त्याला वाट मोकळी करून देणें हें योग्यच आहे. परंतु रडारच्या टापूंत राहणाऱ्यांची जोडणी वारंवार अशी तुटत असेल, तर राउटर ३६ ते ४८ ह्या वाहिन्यांपैकीं एकीवर कायम करावा. तेथें हा अडथळा येत नाहीं.

आमची चूक

आतां आमच्या पदरचा एक दाखला देतों. बिऱ्हाडांतील जोडणी १०० मेगाबिटची, खोल्या दोन, तरी आंतल्या खोलींत वेग ७ मेगाबिटच्या वर जाईना. दुकानदारानें सहा शिंगांचें यंत्र दाखविलें आणि “हें तीन मजले भेदतें” असें सांगितलें. आम्हीं साडेसहा हजार रुपये मोजले. घरीं आणून जुन्याच जागीं बसविलें, आणि आंतल्या खोलींत वेग आला ९. दोन दिवस आम्हीं दुकानदारास बोल लावला. तिसऱ्या दिवशीं घर झाडतांना ध्यानांत आलें कीं, यंत्र जमिनीपासून वीतभर उंचीवर, लोखंडी कपाटाच्या मागें बसलें होतें; कारण तार तेथून आंत आली होती! लोखंडांतून लहर पार होत नाहीं, ती परत फिरते. कपाटाच्या आड दिवा ठेवून खोलींत उजेड कां पडत नाहीं असें विचारण्यापैकींच हा प्रकार. दीडशें रुपयांची तार वाढवून आम्हीं तें यंत्र दोन खोल्यांच्या मधल्या दारावर, माळ्याच्या कडेस ठेवलें. आंतल्या खोलींत वेग ५८ झाला. मग जिज्ञासेनें जुनें यंत्र त्याच जागीं लावून पाहिलें. त्यानेंहि ५१ दिले. साडेसहा हजारांनीं सातांचा लाभ झाला, आणि दीडशें रुपयांच्या तारेनें बाकीचा सर्व.

ह्यावरून जागेचे नियम सांगतों. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या वर उंचीस, उघड्यावर ठेवावा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टांकी, धान्याची लोखंडी कणगी ह्यांच्या आड ठेवूं नये. लोखंड लहर परतवितें, आणि पाणी ती शोषून घेतें. मायक्रोवेव्ह चुलीजवळहि ठेवूं नये, कारण ती चूल २.४ च्याच पट्ट्यांत चालते. तळमजल्यावर राहणाऱ्यांनीं उंचीचा नियम दुहेरी समजावा. २६ जुलै २००५ रोजीं आमच्या शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेंत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशीं जमिनीवर ठेवलेलें काय काय गेलें हें वाकोल्याच्या लोकांस विचारावें.

वाड्याचा प्रश्न निराळा

जें वाकोल्यास लागू तें गांवच्या वाड्यास तसेंच लागू होईल, असें मात्र नाहीं. आमच्या थोरल्या बंधूंचा वाडा देशावर आहे. पुढें सोपा, मग माजघर, मागें दोन खोल्या व पलीकडे गोठा; भिंती दगडमातीच्या, दीड हात रुंद. यंत्र सोप्यांत. शेजारीं लहरींची दाटी मुळींच नाहीं, परंतु दोन भिंती ओलांडतांना लहरीचा जीव जातो. गेल्या वर्षीं आमचा पुतण्या मागल्या खोलींत बसून ठिबक संचाच्या अनुदानाचा अर्ज शेवटच्या दिवशीं भरीत होता. कागद चढतां चढतां जोडणी तीन वेळां तुटली, आणि चौथ्या खेपेस मुदत संपली. पंधरा पावलें पुढें सोप्यांत येऊन बसला असता तर काम झालें असतें. पण दोष यंत्राच्या पल्ल्याचा आहे हें घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. सर्वांस वाटलें कीं सरकारी यंत्रणाच बंद आहे. एक उन्हाळा ठिबकावांचून गेला, आणि उसास पाणी कमी पडलें तें पडलेंच.

बंधु रागानें महाग राउटर मागविणार होते. आम्हीं स्वतः पोळलों असल्यामुळें त्यांस थांबविलें. दीड हात दगडी भिंतीस महाग यंत्रहि भेदूं शकत नाहीं, आणि यंत्राचा जोर किती असावा ह्यालाहि कायद्यानें मर्यादा घातलेली आहे. अशा घरास उपाय एकच. लहरीनें भिंत ओलांडावयाची नाहीं; तारेनें ओलांडावयाची, आणि पलीकडे दुसरें लहान यंत्र ठेवावयाचें. त्यास ॲक्सेस पॉइंट म्हणतात. साधा राउटरहि त्या कामीं लावतां येतो. कॅट-६ जातीची तार १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग नेते. तेवढ्यांत बहुतेक वाडे गोठ्यासकट येतात. बंधूंस तार, नळी व दुसरें यंत्र मिळून अडीच हजारांच्या आंत खर्च आला, आणि मागल्या खोलींत आतां सोप्याइतकाच वेग मिळतो.

बाजारांत ‘एक्स्टेंडर’ म्हणून भिंतींतल्या बटणांत खोंचण्याचें यंत्र मिळतें. तें लहर ऐकून पुढें पुन्हां बोलतें. एकाच पट्ट्यावर ऐकणें व बोलणें दोन्ही करावें लागल्यास वेग सुमारें निम्मा होतो, आणि जेथें लहर मुळांतच क्षीण आहे तेथें तें ठेवल्यास क्षीण लहरच पुढें जाते. ‘मेश’ म्हणून दोन-तीन यंत्रांचा संच मिळतो, तो ह्याहून चांगला, पण महाग. आणि तोहि तारेनें जोडला तरच दगडी घरांत खरा उपयोगी पडतो. एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. घरचा राउटर शिवारांतल्या कामास उपयोगी नाहीं. बांधावरच्या पीक पाहणीसाठीं घरच्या राउटरवर विसंबून राहूं नये. “शेतापर्यंत पोंचणारा राउटर” असें कोणी सांगून विकीत असल्यास तेथून निघून यावें.

पिढी कोणती घ्यावी

बिनतारी जाळ्याचें पहिलें प्रमाण १९९७ सालीं ठरलें. त्याचा वेग २ मेगाबिट होता. पुढें २००९ सालीं चौथी पिढी व २०१३ सालीं पांचवी ठरली. सहाव्या पिढीच्या यंत्रांस २०१९ पासून, आणि सातवीच्या यंत्रांस जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्रें मिळूं लागलीं. नव्या राउटरवर जुना फोन चालतो, पण तो आपल्या जुन्याच चालीनें चालतो. जोडींतला एक बैल तरणा आणल्यानें दुसऱ्याची चाल वाढत नाहीं. घरांतील फोन व संगणक पांचव्या पिढीचे असतील तर सातव्या पिढीच्या राउटरवर खर्च करणें व्यर्थ होय. सहावी पिढी एकाच वेळीं अनेक यंत्रांस पाणी देण्याची हातोटी जाणते. म्हणून दहा-पंधरा यंत्रें असलेल्या घरास ती घ्यावी. दोन फोन व एक संगणक असलेल्या घरास पांचवीचा चांगला राउटर पुरतो.

कुलूप

येथवर वेगाचें झालें. परंतु राउटर हा घराचा दरवाजाहि आहे, आणि ह्या बाबतींतील हयगय वेगाच्या हयगयीपेक्षां महागांत पडते. २०१८ सालीं कुलूपाची नवी पद्धति आली. तिचें नांव डब्ल्यूपीए-३. तिच्या आधींची डब्ल्यूपीए-२ ही २००४ सालची, आणि तीहि चांगला पासवर्ड ठेवल्यास चालते. डब्ल्यूईपी नांवाची सर्वांत जुनी पद्धति २००१ सालींच फुटली. ती ज्या यंत्रांत एवढीच असेल तें यंत्र फुकट मिळालें तरी घेऊं नये.

उघड्या दाराचा परिणाम मुंबईकरांनीं २००८ सालीं पाहिला. त्या वर्षीं जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान अहमदाबाद व दिल्ली येथील बाँबस्फोटांच्या संबंधांत जे धमकीचे ई-मेल निघाले, ते नवी मुंबई, माटुंगा व चेंबूर येथील दुसऱ्यांच्या उघड्या बिनतारी जोडण्या वापरून पाठविलेले होते. पोलीस प्रथम जोडणीच्या मालकांच्या दारीं गेले. त्यांचा गुन्ह्याशीं संबंध नव्हता, तरी चौकशी त्यांसच सोसावी लागली. ज्याच्या नांवें खातें, त्याच्या नांवें नोटीस, हा न्याय आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

म्हणून यंत्र आणल्याबरोबर तीन गोष्टी कराव्यात. एक, यंत्राच्या व्यवस्थेचा जो कारखान्यांतून आलेला पासवर्ड असतो तो बदलावा. पुष्कळ यंत्रांवर तो एकाच ठशाचा असतो, म्हणजे तो जगास ठाऊक असतो. दोन, जोडणीचा पासवर्ड निदान बारा अक्षरांचा व कोणास न सुचणारा ठेवावा. गट नंबर, जन्मतारीख, मोटारसायकलचा क्रमांक असा ठेवूं नये. तीन, पाहुण्यांसाठीं व गोठ्यावरील कॅमेऱ्यासाठीं ‘गेस्ट’ नांवाची निराळी जोडणी उघडावी. पाहुणा सोप्यांत बसावा. त्यास तिजोरीच्या खोलींत नेण्याचें कारण नाहीं. ज्या कंपनीचीं यंत्रें वेळोवेळीं आपल्या आंतील कार्यक्रमाची दुरुस्ती घेतात, अशा कंपनीचेंच यंत्र निवडावें. दुरुस्ती बंद झालेलें यंत्र म्हणजे बिजागरी गंजलेलें दार.

वीज

राउटर रात्रंदिवस चालू असतो, म्हणून खर्चाची शंका येते. १० वॅट खाणारें यंत्र महिन्यास सुमारें ७ युनिटें घेतें. ही रक्कम मोठी नव्हे. खरा प्रश्न गांवांतील वीज जाण्याचा. राउटरसाठीं लहान बॅटरीसंच मिळतात. ते घेतांना आपलें यंत्र ९ व्होल्टचें कीं १२ व्होल्टचें हें त्याच्या खालच्या चिठ्ठीवर पाहून घ्यावें, आणि ओ.एन.टी. निराळा असल्यास तोहि त्याच संचावर घ्यावा. एकट्या राउटरला वीज देऊन उपयोग नाहीं. मृगाच्या वळवांत कडकडाट सुरू झाला कीं दोन्ही यंत्रें बटणांतून काढून ठेवावींत. कांचेचा तंतु वीज वाहत नाहीं हें खरें, परंतु विजेच्या खांबावरून येणारा झटका तिकडूनच येतो, आणि पुष्कळ फायबर तारांत आधारासाठीं लोखंडी तारहि घातलेली असते.

खरेदीपूर्वीं

वरील विवेचन थोडक्यांत असें:

१. तारेनें वेग मोजून वहींत लिहावा. तारेनेंच कमी असल्यास राउटर घेऊं नये, तक्रार करावी.

२. कंपनीच्या पेटींतील राउटर आधीं योग्य जागीं ठेवून पहावा. आठ दिवस पहावें.

३. घराचा साधा नकाशा काढावा; भिंती कशाच्या, खोल्या किती, यंत्रें किती, हें त्यांत मांडावें.

४. दाट वस्तींत दोन पट्ट्यांचें यंत्र. दगडी वाड्यांत तार व दुसरें यंत्र.

५. जोडणी शंभर मेगाबिटांवर असल्यास गिगाबिट छिद्रें.

६. डब्ल्यूपीए-३, गेस्ट जोडणी व वेळोवेळीं दुरुस्ती मिळण्याची हमी.

७. पक्की पावती, हमीपत्र, आणि अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण.

८. न जुळल्यास किती दिवसांत परत घेणार, हें पावतीवर लिहून घ्यावें. आम्हीं हें केलें नाहीं, म्हणून सहा शिंगांचें तें यंत्र आजहि आमच्याच माळ्यावर आहे.

असो. पुतण्यानें यंदा अर्जाची मुदत लागण्याच्या पहिल्याच आठवड्यांत मागल्या खोलींत बसून अर्ज भरला, आणि पोंच काढून घेतली. बंधूंनीं ती पोंच सातबाऱ्याच्या फायलींत लावून ठेविली आहे. ज्या सभासदांस आपल्या घरासंबंधीं अधिक विचारावयाचें असेल त्यांनीं घराचा नकाशा व तीन दिवसांचे मोजलेले आंकडे जोडून आम्हांस लिहावें. नुसतें “वायफाय चालत नाहीं” एवढ्यावरून सल्ला देणें, हें जमीन न पाहतां खत सांगण्यासारखें होईल.